भिंतीपलीकडचं कांडप

वाक्य साधंच होतं. "ती दार लोटून आत आली आणि क्षणभर काहीच बोलली नाही." असं वाक्य वाचताना शेवटी अर्धा श्वास थांबायचं असतं, ऐकणाऱ्यालाही दारात उभं करायचं असतं. मी थांबले. आणि त्या अर्ध्या श्वासात भिंतीपलीकडून आलं, धप्प. मग एका लयीत धप्प-धप्प, धप्प-धप्प. टेबलावरच्या पाण्याच्या भांड्यात बारीक वलयं उठली. मी हेडफोन काढले, वाक्य पुसलं आणि चहा ठेवला.

मी ऑडिओबुकं वाचते. घरूनच. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गोधड्या लावल्यात, खिडकीला जाड पडदा आहे, पंखा बंद. बोलण्याचा, कुत्र्यांचा, भाजीवाल्याचा आवाज या सगळ्यातून बराच गाळला जातो. पण जो आवाज जमिनीतून आणि भिंतीतून चालत येतो त्याला गोधडी काय करणार? आमचा फ्लॅट कर्वेनगरात, तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. पुढे रस्त्याकडे तीन गाळे. त्यातल्या शेवटच्या गाळ्यात अण्णांची गिरणी. गिरणीची मागची भिंत आणि माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीची भिंत, एकच.

नुसती पिठाची गिरणी असती तर कदाचित निभावलं असतं. तिची घरघर एकसुरी असते, कान थोड्या वेळाने तिला सोडून देतो. पण अण्णांकडे मिरची कांडपही आहे. लोखंडी उखळ, त्यात आळीपाळीने आदळणारी दोन मुसळं. दळलेला मसाला तापतो, त्याचा वास उडतो, कांडलेल्याचा रंगही राहतो आणि वासही, असं इथल्या बायका सांगतात. आणि खरं सांगायचं तर मीही माझा मसाला तिथूनच करून आणते. मार्च ते मे त्या गाळ्यात उभं राहवत नाही. बेडगी, लवंगी, संकेश्वरीच्या पिशव्या नावाच्या चिठ्ठ्या लावून रांगेत ठेवलेल्या, अण्णांच्या नाकाला गमछा, डोळे लाल आणि सगळ्या गाळ्यात ती फरशी हलवणारी धपधप.

एक गोष्ट कबूल करायला हवी. घर बघायला आलो तेव्हा मीच म्हटलं होतं, "वा, गिरणी दारातच आहे, सोय झाली!" अण्णा तिथे वीसेक वर्षं आहेत. मी आल्यावरही दोन वर्षं ती खोली कपड्यांच्या कपाटाची होती आणि कांडपाचा मला काडीचाही त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो मी तिथे मायक्रोफोन मांडल्यावर. मग त्रास देणारं कोण?

हा प्रश्न मला नवा नव्हता. एम.ए.ला अर्थशास्त्राच्या वर्गात तो भेटला होता, लंडनच्या वेशात. विगमोर स्ट्रीटवर एक मिठाईवाला होता. त्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खलबत्ते. एक साठ वर्षांहून जास्त एकाच जागी, दुसरा सव्वीसेक वर्षं. त्याच्या मागच्या बाजूला विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात १८६५ मध्ये एक डॉक्टर राहायला आला. आठ वर्षं दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नाही. १८७३ मध्ये डॉक्टरने बागेच्या टोकाला, मिठाईवाल्याच्या भिंतीला लागून, पेशंट तपासायची खोली बांधली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की खलबत्त्याच्या धपधपीत छातीला नळी लावून काही ऐकूच येत नाही. प्रकरण कोर्टात गेलं. मिठाईवाला म्हणाला, वीस वर्षांहून जास्त मी कुटतोय, आता तो माझा हक्क झाला. १८७९ मध्ये अपील कोर्टाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. तर्क मोठा मजेचा होता: खोली बांधेपर्यंत कुणाला त्रासच नव्हता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती, मग वीस वर्षं मोजायची कुठून?

वर्गात आम्ही हसलो होतो. खलबत्त्यावरून खटला! वीस वर्षांनी भिंतीला कान लावून बसले तेव्हा तो डॉक्टर एकदम सख्खा वाटायला लागला.

या खटल्याला अर्थशास्त्रात आणलं अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोसने, १९६० च्या एका निबंधात. त्याआधी या विषयावर पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाचा शब्द चालायचा. त्याच्या १९२० च्या मांडणीतून निघालेला उपाय असा, की जो दुसऱ्याला उपद्रव देतो त्याच्यावर सरकारने त्या उपद्रवाइतका कर बसवावा, म्हणजे तो आपोआप हात आखडेल. कोसने विचारलं, उपद्रव एकाच दिशेने जातो हे कुणी ठरवलं? मिठाईवाला डॉक्टरला त्रास देतो, तसं डॉक्टरला वाचवायला गेलं की मिठाईवाल्याचं नुकसान होतं. आणि दोघंच असतील, बोलणी करायला काही खर्च येत नसेल, तर कोर्टाने हक्क कुणालाही दिला तरी खलबत्त्याचं शेवटी एकच होईल. डॉक्टरकडे हक्क असेल आणि कुटण्याची किंमत जास्त असेल तर मिठाईवाला पैसे देऊन डॉक्टरची संमती विकत घेईल. हक्क मिठाईवाल्याकडे असेल आणि शांततेची किंमत जास्त असेल तर डॉक्टर पैसे मोजेल. फरक पडेल तो एवढाच की कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात. कोसला १९९१ मध्ये नोबेल मिळालं. त्याच्या नावावर पुष्कळ लोक 'सरकार कशाला हवं, आपसात मिटवा' असं खपवतात. तो स्वतः मात्र बोलण्याचा, शोधण्याचा, लिहून घेण्याचा, पाळलं जातंय का बघण्याचा खर्च कधीच शून्य नसतो, यावरच जोर देत राहिला.

असो. मी काही नोबेलवाली नाही, पण माझ्याकडे भिंत होती.

गिरणीत जायच्या आधी मी गृहपाठ केला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. मोबाइलमधलं ॲप भिंतीशी धरलं तर काटा ५२ पासून ६८ पर्यंत नाचत होता. त्या ॲपला कोर्टात कुणी विचारणार नाही हे वेगळं. आणि आमचा रस्ता नक्की कुठल्या रकान्यात बसवायचा? खाली गाळे, वर घरं, पुण्यातला अर्ध्याहून अधिक रस्ता असाच. त्या लंडनच्या निकालात न्यायाधीशाने म्हटलं होतं की बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो उपद्रव ठरेल तो बर्मंडसीत ठरेलच असं नाही. म्हणजे श्रीमंतांच्या वस्तीचे कान वेगळे, चर्मकारांच्या वस्तीचे वेगळे. हे वाक्य मला तेव्हाही खटकलं होतं, आताही खटकतं. पण कर्वेनगरला बेलग्रेव्ह म्हणायचं की बर्मंडसी, हे माझं मलाच ठरवता येईना.

दुपारी गर्दी नसताना गेले. अण्णा जात्याच्या दगडाला टाकी लावत बसले होते. छिन्नीने दगडावर एकेक रेघ पुन्हा खोल करायची, बोटाने चाचपायची, फुंकर मारायची. मी बाकावर बसले आणि विषय काढला. खोली, काम, आवाज. अण्णांनी छिन्नी खाली ठेवली.

"ताई, तक्रार-बिक्रार नका करू."

मी तक्रारीचा त सुद्धा काढला नव्हता. "छे हो अण्णा, तक्रार कशाला? आपण बोलून काहीतरी काढू."

"नाही, सोसायटीतल्या लोकांनी मागे एकदा अर्ज दिला होता. महिनाभर हेलपाटे घातले मी. धंदा सोडून."

मग आम्ही बोललो. तासभर तरी. मी म्हटलं, यंत्राखाली जाड रबराचे ठोकळे घालून घेऊ, खर्च सगळा माझा. ते म्हणाले, त्याने निम्मं कमी होईल, सगळं नाही. मी म्हटलं, मग दुपारी दोन ते चार गिरणी आणि कांडप दोन्ही बंद ठेवाल का, तेवढ्यात मी वाचून घेईन. ते विचारात पडले. दुपारी धंदा मंदच असतो, पण हंगामात नसतो. "गिऱ्हाईक एकदा तुटलं की तुटलं, ताई." मी महिन्याला काही रक्कम देऊ केली. त्यावर ते जवळजवळ दुखावलेच. "शेजाऱ्याकडून गप्प बसायचे पैसे घेऊ? उद्या चार लोक काय म्हणतील?" शेवटी त्यांची मुलगी बारावी कॉमर्सला होती, तिला आठवड्यातून दोनदा अर्थशास्त्र शिकवायचं ठरलं. रबराचे ठोकळे आणि गवंड्याची मजुरी मिळून मला अकरा हजार पडले. कागद नाही, सही नाही. चहा झाला, सौदा झाला.

आणि चालला! दोन वाजता पट्टा थांबायचा आणि भिंत गप्प व्हायची. मी चार महिन्यांत तीन पुस्तकं वाचून दिली. मुलगी हुशार होती. तिला ते खलबत्त्याचं प्रकरण सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आमचंच की!" मैत्रिणींना मी ही गोष्ट मोठ्या चवीने सांगायचे. बघा, पोलीस नाहीत, कोर्ट नाही, दोन शहाणी माणसं आणि एक भिंत.

मग गणपती आले.

आमच्या चौकातल्या मंडळाने त्या वर्षी स्पीकरची भिंत उभी केली. भिंतच ती, दुमजली. कांडपाने भांड्यातलं पाणी हलायचं, इथे काचा थरथरत होत्या. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. २० वाढले की शंभरपट. पंचावन्नाचे पंच्याऐंशी झाले की हजारपट. कागदावर तीसचा फरक दिसतो, म्हणून कुणाला काही वाटत नाही.

सौद्याच्या यशाने माझी मान ताठ होती. मी मंडळाच्या मांडवात गेले. मुलं चांगली, अदबीने खुर्ची दिली. "काकू, बाकी कुणाचीच तक्रार नाही. तुमच्या एकटीलाच त्रास होतो का?" सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर मी विचारलं. अठ्ठावीस अंगठे. सहीचा कागद फिरवला, चार सह्या. त्यातली एक माझी, एक माझ्या नवऱ्याची. बाकीच्यांचं बरोबरच होतं म्हणा. आवाज कमी झाला तर तो सगळ्यांसाठीच होणार, सही न करणाऱ्यालाही; आणि मंडळाशी वाकडेपणा मात्र सही करणाऱ्याच्याच वाट्याला येणार. आणि समजा, आम्ही वर्गणी काढून मंडळाला गप्प राहायचे पैसे दिलेच असते, तर? पुढच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या मंडळानेही स्पीकर आणले असते, वाजवायला नव्हे, न वाजवण्याचे पैसे घ्यायला. अण्णांशी सौदा होऊ शकला कारण त्यांच्याकडे जे होतं ते त्यांना खरंच हवं होतं, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना मिळून माणसं दोनच होती.

सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा आवाजावरचा मोठा निकाल मी त्या रात्री पुन्हा वाचला. रात्री दहा ते सहा लाऊडस्पीकर बंद, हे आपल्याला त्याच्यामुळे पाठ आहे. पण त्या याचिकेमागची घटना आपण विसरतो. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, आणि शेजारच्या लाऊडस्पीकरच्या दणदणाटात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. त्या संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं. ती मुलगी कुणाशी सौदा करणार होती? तान्हं मूल, अतिदक्षता विभागातला पेशंट, ऐकण्याचं यंत्र काढून उशीखाली ठेवणारे आजोबा, यांच्यापैकी कोण मांडवात जाऊन खुर्चीवर बसणार?

म्हणून कायदा हवा, हे मान्य. पण त्या कायद्याचाही अनुभव मी त्याच आठवड्यात घेतला. ११२ वर फोन केला. नाव नका सांगू म्हटलं. वीस मिनिटांत गाडी आली, स्पीकर बंद झाले, गाडी गेली, दहा मिनिटांनी स्पीकर सुरू. दुसऱ्या दिवशी मांडवातल्या एका मुलाने मला बघून नमस्कार केला, जरा जास्तच वाकून.

आणि सरकार इथे तिऱ्हाईत पंच असतं, हाही एक गोड गैरसमज. त्याच नियमांत राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर सविस्तर निकाल दिला, पोलिसांना आवाज मोजायची यंत्रं द्या, तक्रारदाराचं नाव उघड करू नका, असं बजावलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने नियम बदलला: राज्याने जाहीर केल्याशिवाय दवाखाना-शाळेभोवतीची जागा शांतता क्षेत्र धरायची नाही. २०२४ मध्ये हरित लवादाने पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत तीसच माणसं असावीत असं ठरवलं, आणि दोन-तीन आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मला स्वतःला ढोल आवडतो. लक्ष्मी रोडवर उभी राहून छातीत ताशा वाजताना डोळ्यांत पाणी आलेलं आहे. तेव्हा तिथल्या कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर कुणी आजारी असेल, हा विचार मनाला शिवलाही नव्हता.

सरकारी उपायांतला मला मनापासून आवडलेला एकच, मुंबईच्या वाहतूक पोलिसांचा. सिग्नलच्या खांबांना आवाज मोजायचं यंत्र जोडलं. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. २०२० च्या जानेवारीत त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. हॉर्नवाल्याशी कुणी सौदा करू शकत नाही, तो तीस सेकंदांत निघून जातो. पण तुझ्या हॉर्नचा भुर्दंड तुलाच आणि शेजारच्या रिक्षावाल्यालाही, असं केलं की रिक्षावालाच तुझ्याकडे बघतो. पिगूच्या कराची पावती कुणी फाडली नाही, तरी प्रत्येकाने तो जागेवर भरला. तो प्रयोग मोजक्या सिग्नलांवरचा होता. आमच्या चौकात सिग्नलच नाही.

गणपतीनंतर मी अण्णांच्या सौद्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहायला लागले. मी तक्रारीचा शब्दही काढला नव्हता, तो त्यांनी काढला. म्हणजे त्या बाकावर आम्ही दोघंच बसलो नव्हतो. तो जुना अर्ज, ते महिन्याचे हेलपाटे, ५५ आणि ६५ चे रकाने, सगळे तिथे चहाला होते. माझ्या अकरा हजारांपेक्षा आणि बारावीच्या शिकवणीपेक्षा त्या भीतीनेच दोन ते चार मिळवून दिले असतील का? अण्णांना विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तरी ते "छे हो ताई" म्हणाले असते.

परवाची गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी कणीक मळत होत्या. मी सहज म्हटलं, तुमच्या डब्यात हल्ली भाकरी दिसत नाही.

"पाकिटाचं पीठ आणते ना. त्याला चिकाटीच नाही, थापली की चिरते. मग पोळीच करते."

"का? दळण का नाही टाकत?"

मावशींनी कणकेवर तेलाचा हात फिरवला. सकाळची चार घरं झाली की संध्याकाळच्या घरांआधी त्यांना तेवढाच वेळ असतो, दोन ते चार. आधी त्याच वेळात ज्वारीचा डबा टाकायच्या आणि घेऊनच घरी जायच्या. आता गिरणी बंद असते. संध्याकाळी सात वाजता रांग, आणि डबा ठेवून गेलं तर दुसऱ्या दिवशी न्यायला पुन्हा वेळ नाही. लांबच्या गिरणीत जाणं म्हणजे रिक्षाचे पैसे.

"अण्णा म्हणाले, आतल्या ताईंचं काही वाचायचं काम असतं," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. नुसती माहिती.

मी त्याच संध्याकाळी गिरणीत गेले. सगळं सांगितलं. अण्णांनी पिठाचा हात गमछ्याला पुसला. "मलाही कळत होतं, ताई. पण शब्द दिला होता." मग म्हणाले, पीठ तेवढं दुपारी चालू ठेवतो, कांडप बंद. मी म्हटलं, पिठाची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. मग पावणेतीन ते चार बंद? मग अडीच? आठवड्यातून तीनच दिवस? कुठले तीन? शेवटी अण्णा म्हणाले, त्या दुपारच्या बायकांनाच विचारा, त्यांना कधी बरं पडतं ते. त्या म्हणतील तसं करू.

दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं. त्यांनी तवा खाली उतरवला.

"मला एकटीला विचारून काय होणार? त्या सोनार वाड्याच्या बायका आहेत, पलीकडच्या बांधकामावरच्या आहेत, शाळेतल्या सफाईवाल्या आहेत. त्यांनाही विचारा."

"किती जणी आहेत एकूण?"

"आता गं बाई," मावशी हसल्या, "आम्ही काय मोजून जातो का दळणाला?"